विश्वामित्रीकाठच्या सुबाभळी बोडक्या होतायत. किडीने पानं किती खाल्ली, हे मोजायचं कसं?

अकोटा_पूल
नमस्कार मंडळी,

सकाळी आमची टोळी बडोद्यात अकोटा–दांडिया बाजार पुलाच्या बाजूने नदीकाठच्या रस्त्याला फिरते. दिवाळीपासून बघतोय, काठावरच्या सुबाभळी शेंड्याकडून बोडक्या होत चालल्यात. पानांच्या जागी नुसत्या काड्या, आणि मध्ये वाळक्या शेंगांचे घोस लटकतायत. शेजारचा गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, मात्र हिरवागार, त्याच्या केसालाही धक्का नाही.

टोळीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, कीड लागली, कॉर्पोरेशनला सांगून फवारणी करून घेऊ. दुसरा म्हणतो, मेक्सिकोहून आलेलं उपरं झाड ते, जगातल्या १०० सर्वांत वाईट घुसखोर प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, किडीने खाल्लं तर पेढे वाटा. मी आयुष्यभर बँकेत बसलेला माणूस. मला दोघांनाही विचारावंसं वाटतं की आकडा कुठाय? किती झाडं, किती पानं, मागच्या महिन्यापेक्षा जास्त की कमी?

तर विचारायचं ते एवढंच: प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत, गुडघे दुखतात, अशा चार-पाच जणांनी झाडाची पानं किती गेली हे दर महिन्याला कसं लिहून ठेवावं? म्हणजे दोन वर्षांनी कुणी विचारलं तर कागद पुढे करता येईल.

खंडेराव_मार्केट
मोजू नका, कापा. सरपण होईल.

पानोपानी
खंडेराव, सुबाभूळ कापली की बुंध्यातून दहा धुमारे फुटतात. शिवाय खाली मातीत बी पडलेलं असतं, ते वर्षानुवर्षं दम धरून बसतं. कापणं सोपं, निस्तरणं अवघड.

काका, मोजण्याच्या आधी एक करा. एक कोवळा शेंडा हाताने खाली ओढून अगदी डोळ्यांजवळ धरून बघा. अळीने खाल्लं असेल तर पानाच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, खाली काळ्या बारीक लेंड्या पडतात. सुबाभळीवर बहुतेक वेळा मात्र वेगळाच पाहुणा असतो, सिला नावाचा. दोन मिलिमीटरसुद्धा नाही, पिवळट हिरवा, माव्यासारखा दिसतो पण बोट लावलं की टुणकन उडी मारतो. तो पान खात नाही, रस शोषतो. शेंडा वाकडा होतो, पानं पिवळी पडून एकेक पर्णिका गळते आणि शेवटी नुसता देठ राहतो. तुम्ही म्हणता त्या काड्या त्याच असाव्यात.

ओळखायची सोपी युक्ती: शेंड्याखाली स्टीलचं ताट धरा आणि फांदीला दोन टपल्या मारा. ताटात काय पडतं आणि काय उडतं ते सांगा.

दांडियाबाजारची_सून
ताट शेजारणीचं न्या. 😄

अकोटा_पूल
ताट घरचंच नेलं, सौ. ना न सांगता. पानोपानीताई, तुम्ही सांगितलंत तसंच निघालं. ताटात पिवळट ठिपके पडले आणि निम्मे लगेच उडाले. पांढरी कातडी पण पडली, कोंड्यासारखी. कुरतडलेलं पान एकही नाही. शेंडा बोटाला चिकट लागला. त्या झाडाखाली एकजण रोज ॲक्टिव्हा लावतो, तिच्या सीटवर काळा थर बसलाय. त्याला वाटत होतं बसच्या धुराने होतंय.

पानोपानी
तो धूर नव्हे, काजळी बुरशी. सिला गोड चिकटा सोडतो, त्यावर ती वाढते. ओल्या फडक्याने पुसली की जाते.

थोडा इतिहास, कारण गंमत आहे. हा सिला मूळचा सुबाभळीच्याच मुलखातला. १९८४ मध्ये तो हवाईत पोहोचला आणि तिथून पॅसिफिकमधली बेटं घेत घेत १९८८ मध्ये आपल्याकडे, दक्षिण भारतात. तेव्हा सुबाभूळ ही लाडकी लेक होती. चारा, सरपण, कागदाचा लगदा, सगळ्याला तीच. उरुळीकांचनहून मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने गावोगाव लावली. त्यामुळे सिला आला तेव्हा त्याला मारायला एक निळसर काळा ढालकिडा, क्युरिनस, थायलंडहून आणवला गेला. म्हणजे सुबाभळीला वाचवायला आपण किडा आयात केला होता, आणि आज त्याच सुबाभळीवर कीड पडली तर पेढे वाटायच्या गोष्टी!

पेन्शनर_नवापुरा
बाएफची रोपं आमच्या मामाच्या शेतावर होती, पादरा गावाकडे. म्हशी आनंदाने खायच्या. घोड्याला घातली तर आयाळ गळते असं मामा सांगायचा, खरं का?

पानोपानी
खरं आहे. पानात मिमोसिन असतं. घोडा, डुक्कर, ससा यांचे केस झडतात. रवंथ करणाऱ्यांचंही जास्त दिल्यास बिघडतं, पण काहींच्या पोटात ते पचवणारे जिवाणू असतात. हवाईतल्या बोकडांच्या पोटात ते आहेत हे ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांनी दाखवलं, आणि मग ते जिवाणू तिथल्या गुरांना पाजले गेले.

खंडेराव_मार्केट
माझं टक्कल कशाने पडलं ते आज कळलं. लहानपणी शेंगांमधलं बी चघळायचो.

समा_सावली
सगळे किड्याच्या मागे लागलेत म्हणून सांगते. मंगल पांडे रोडच्या बाजूला संध्याकाळी जाऊन बघा. भरवाड मंडळी लांब काठीला विळी बांधून सुबाभळीच्या फांद्या ओढतात, बकऱ्यांसाठी. खालचा अर्धा भाग बोडका दिसतो तो त्यांच्या कृपेने. तुमच्या मोजणीत हे किड्याच्या खात्यावर जाईल आणि आकडा फुगेल.

अकोटा_पूल
हे लक्षात ठेवतो. तुटलेला पांढरा घाव दिसला की त्या फांदीचं खातं वेगळं.

यारानदीवरून
मी मूळची प्रतापनगरची, बरीच वर्षं मेलबर्नला. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण आमच्या ओढ्यावर हीच डोकेदुखी आहे, फक्त झाड विलो.

आपल्याकडे विलो म्हणजे काश्मिरी बॅट. इथे विलो म्हणजे नदीचा घुसखोर. गोऱ्यांनी काठ सांभाळायला आणि घरची आठवण म्हणून लावले, आता ते पात्रातच उगवतात. फांदी तुटून वाहत गेली की जिथे अडकेल तिथे मूळ धरते. पाणी तर असं ओढतात की सीएसआयआरओ या इथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या अभ्यासात पात्रातले विलो काढल्यावर वर्षाला हेक्टरी ५.५ मेगालिटर पाणी वाचतं असं आलं, म्हणजे ५५ लाख लिटर. १९९९ मध्ये देशपातळीवरच्या तणांच्या यादीत जवळपास सगळेच विलो गेले. झुकत्या फांद्यांचा वीपिंग विलो आणि आणखी दोन प्रकार तेवढे सोडले.

आता कीड. विलो सॉफ्लाय. उत्तर गोलार्धातली, इथे कुणी सोडली नाही, आपणहून आली. न्यूझीलंडमध्ये १९९७ साली दिसली, इथे कॅनबेऱ्यात २००४ मध्ये, मग आमच्या व्हिक्टोरियात. आपल्याकडे मोहरी-मुळ्यावर काळी अळी पडते ना, तिच्याच गोतातली. इथल्या सगळ्या माद्याच, नर नाहीत, मादी एकटीच अंडी घालून पिढ्यामागून पिढ्या काढते. अळी पानाच्याच रंगाची. पानाच्या कडेला शरीर चिकटवून अशी खाते की पानाची कड आणि अळी यांत फरकच दिसत नाही. मी पहिल्यांदा फांदी नाकासमोर धरून उभी होते आणि बरोबरच्या बाई म्हणाल्या, तुझ्या अंगठ्याजवळ तीन आहेत.

खरी मौज पुढे. न्यूझीलंडमध्ये पूर थोपवायला नदीकाठी मुद्दाम विलो लावलेत. हॉक्स बेला ही अळी पडली, वर्षामागून वर्ष पानं गेली, झाडं मेली, आणि तिथल्या लोकांनी कपाळाला हात लावला. तीच अळी इथे आली तेव्हा आमच्याकडे बरेचजण खुश. कीड तीच, झाड तेच. म्हणून अकोटाकाकांच्या टोळीने आधी ठरवावं की आपण कुठल्या बाजूचे.

खंडेराव_मार्केट
सासू कुणाची, त्यावर ठरतं.

पेन्शनर_नवापुरा
अवांतर: विलो आपल्याकडेही घुसखोर झालाय. काश्मीरच्या वुलर सरोवरात सरपणासाठी आणि बॅटीसाठी विलो लावले, त्यांनी गाळ अडवला, सरोवर आटत गेलं, आता लाखो झाडं काढतायत. आणि आपला देशी विलो म्हणजे वाळुंज, सह्याद्रीत ओढ्याकाठी दिसतो, तो बिचारा सज्जन.

काळाघोडा_चौक
मला मुळातच पटत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात घुसली तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल-रुंद करायचं काम निघालं. अशा नदीच्या काठाला सुबाभूळ असली काय, गांडो बावळ असला काय, मातीला धरून ठेवणारं काहीतरी हवं. किडीने झाडं मेली तर पहिल्या पावसात काठ खाली येईल. फवारणी करायलाच हवी.

समा_सावली
आणि मुळासकट पडलेलं झाड पुलाच्या खांबाला जाऊन अडकलं की पाणी मागे फुगतं, ते? मी दोन्ही बघितलंय. फवारणी तर मुळीच नको, खाली मगरी, कासवं, मासे आहेत. औषध नदीतच जाणार.

काळाघोडा_चौक
मग मरू देत?

समा_सावली
मरतच नाहीयेत हो. उगाच तेराव्याची तयारी चाललीय.

पानोपानी
समाताईंचं बरोबर. सिलाला उन्हाळा सोसत नाही. बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो जवळपास दिसेनासा होतो, आणि सुबाभूळ पुन्हा पालवते. दिवाळीनंतर, थंडीत, त्याचा जोर. म्हणून फक्त डिसेंबरात मोजलं तर सत्यानाश दिसेल आणि जुलैत मोजलं तर काही झालंच नाही असं वाटेल.

अकोटा_पूल
म्हणजे बारा महिने मोजायचं. पण कसं, ते अजून कुणी सांगितलं नाही. 🙏

यारानदीवरून
आम्ही करतो ते सांगते, त्यातलं बडोद्याला जमेल ते घ्या.

झाडं आधीच ठरवायची, आणि निवडायची नाहीत. म्हणजे बोडकं दिसतं म्हणून हे झाड घ्या असं केलं की आकडा पहिल्याच दिवशी लबाड होतो. पुलापासून निघालात की दर पन्नास पावलांवर जे पहिलं झाड लागेल ते आपलं. ॲल्युमिनिअमची पट्टी तारेने सैल बांधा, खिळा ठोकू नका. रंगाचा पट्टा पुरात जातो.

प्रत्येक झाडापाशी उभं राहायची जागा ठरलेली. तिथूनच बघायचं, तिथूनच फोटो. झूम नाही, ऊन पाठीवर. शक्यतो मागे आभाळ येईल असं. पानं किती गेली याचे टक्के लिहायला गेलात की कुणी ४० म्हणेल, कुणी ६०, आणि दोघं घरापर्यंत भांडत जाल. म्हणून पाच पायऱ्या: अजिबात नाही, पावपर्यंत, अर्ध्यापर्यंत, पाऊणपर्यंत, त्याहून जास्त. प्रत्येक पायरीवरच्या एका झाडाचा फोटो छापून सोबत ठेवा, शंका आली की त्याच्याशी ताडून बघा.

दोघांनी एकमेकांना न सांगता लिहायचं, मग ताडायचं. फरक एका पायरीचा असेल तर चालतं. दोन पायऱ्यांचा आला तर पुन्हा झाडासमोर उभं राहायचं.

वेळेचंही सांभाळा. इथे विलोची पानं शरदात आपणहून गळतात, एप्रिल-मेमध्ये. तेव्हा मोजलं तर अळीचं आणि ऋतूचं खातं एकच होऊन जातं, म्हणून आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकतो. तुमच्याकडे कोरड्या उन्हाळ्यातही सुबाभूळ पानं टाकते, तिथे तोच घोटाळा होईल.

अकोटा_पूल
अहो, हे तर ऑडिट झालं! हे आम्हाला जमेल. एक मेकर, एक चेकर.

पानोपानी
ग्राफ पेपरवर पान ठेवून चौकोन मोजायची पद्धत कुणी सुचवायच्या आत सांगते, विलोला ती चालते, सुबाभळीला नाही. पर्णिका एवढ्याशा की संध्याकाळ व्हायची.

ऋतूचं खातं वेगळं काढायचं असेल तर हे करा. काही झाडांवर एकेक निरोगी शेंडा निवडा, फुंकर मारून, ब्रशने झाडून किडे काढा आणि त्यावर मलमलची पिशवी चढवून तोंड बांधा. मच्छरदाणीचं कापड नको, सिलाची पिल्लं त्यातून आरामात जातात. शेजारचा तसाच शेंडा उघडा ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी पिशवीतला हिरवा आणि बाहेरचा बोडका असेल तर काम किडीचंच. दोन्ही बोडके असतील तर पाण्याचं किंवा हवामानाचं.

दांडियाबाजारची_सून
आंब्याला बांधतात तशा पिशव्या सुबाभळीला! लोक म्हणतील बाधा उतरवतायत.

खंडेराव_मार्केट
लिंबू-मिरची पण लटकवा, कुणी हात लावणार नाही.

पिक्सेलपंत
अहमदाबादहून. एवढी पायपीट कशाला? सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर ५ दिवसांनी, १० मीटरच्या चौकोनात. त्यावरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढा, हिरवेपणा कमी झाला की नकाशावर दिसतोच.

यारानदीवरून
पंत, शेकडो हेक्टर जंगल असेल तर मान्य. विश्वामित्रीचा काठ किती रुंद? १० मीटरच्या एका चौकोनात अर्धी नदी, थोडा गांडो बावळ, थोडी एरंडी आणि खालचं गवत येणार. वरचं झाड बोडकं झालं तरी खालचं गवत हिरवं असेल तर उपग्रहाला आनंदीआनंद दिसतो. पावसाळ्यात ढग, ते वेगळंच.

पिक्सेलपंत
गवताचा मुद्दा बिनतोड. पण थंडीत ढग नसतात, आणि तुमचा सिलाही थंडीतच जोरात असतो. तुम्ही जमिनीवर लिहा, त्याच तारखांची चित्रं मी काढतो. जुळलं तर समा ते वडसर सगळा काठ एकदम बघता येईल, नाही जुळलं तरी का नाही ते कळेल. त्यासाठी प्रत्येक झाडाचं फोनवरचं लोकेशन लिहून ठेवा.

अकोटा_पूल
पंत, झालंच समजा.

पेन्शनर_नवापुरा
आणखी एक अवांतर. पावसाळ्यात गाजरगवतावर करडे-पिवळे, तपकिरी पट्ट्यांचे भुंगे दिसतात ना, ते मेक्सिकन भुंगेही असेच आणलेले. १९८३ मध्ये आयात, पुढच्या वर्षी बंगळुरात सोडले. नंतर ते सूर्यफुलावर दिसले म्हणून केवढा गदारोळ झाला होता. पाऊस थांबला की जमिनीत गडप होतात, आणि गाजरगवत पुन्हा हसत उभं.

समा_सावली
काका, मुद्दा हाच की पान खाल्लं म्हणजे झाड संपलं असं नाही. अमेरिकेत टॅमरिस्क नावाच्या नदीकाठच्या घुसखोर झाडावर २००१ पासून पानं खाणारे भुंगे सोडले. मैलोन्‌मैल झाडं तपकिरी झाली, पण बरीच पुन्हा फुटली. मरतात ती वर्षामागून वर्ष पानं गेली तर. आणि मग लक्षात आलं की तिथला एक दुर्मिळ पक्षी, विलो फ्लायकॅचर, आता त्याच टॅमरिस्कवर घरटी बांधतोय, कारण मूळचे विलो राहिलेच नव्हते. २०१० मध्ये सरकारी खात्याने भुंगे सोडणं थांबवलं. म्हणून तुमच्या वहीत घरट्यांचाही रकाना ठेवा. आमच्या बाजूला सुबाभळीवर बगळे बसतात.

काळाघोडा_चौक
हे मात्र पटलं. माझी फवारणीची सूचना तूर्तास बासनात. पण काठाचा रकाना हवा. झाडाखालची माती ढासळलीय का, मूळ उघडं पडलंय का. तेवढं लिहिणार असाल तर मी येतो.

पानोपानी
काळाघोडाभाऊ, या. तुमचा रकाना उत्तम आहे.

आणि अकोटाकाका, एक रकाना माझाही. शेंगा. पानांपेक्षा त्याच महत्त्वाच्या. सुबाभूळ पसरते ती बियांनी, आणि पानं गेली तरी ती शेंगा धरत राहिली तर कीड लागून काठाचं काही बदलणार नाही. ऑस्ट्रेलियात गांडो बावळच्या भाऊबंदांवर एव्हिप्पे नावाची पतंगाची अळी १९९८ मध्ये सोडली, ती पानं गुंडाळून खाते. त्याच झाडावर दक्षिण आफ्रिकेने मात्र आधी फक्त बी खाणारे भुंगे आणले, कारण तिथे शेंगा गुरांना लागत होत्या आणि झाड मारायचं नव्हतं, पसारा आवरायचा होता. कुठला भाग मोजायचा हे तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. झाडाच्या एका बाजूच्या तीन फांद्या ठरवा आणि त्यावरचे हिरव्या शेंगांचे घोस मोजा. नव्या, हिरव्या. वाळलेल्या जुन्या मोजल्यात तर मागच्या वर्षीचा हिशेब यंदा लागेल.

अकोटा_पूल
म्हणजे आमच्या टोळीतल्या दोन्ही तटांनी चुकीच्या गोष्टीवर भांडण केलं, असं मी त्यांना उद्या सांगणार आहे. मजा येईल.

वहीचे रकाने असे धरतो: झाड क्रमांक, लोकेशन, पानांची पायरी, हिरव्या शेंगांचे घोस, विळीने तोडलेलं असल्यास तसं, घरटं, खालची माती. शेरा शेवटी. पिशव्या सौ. शिवून देते म्हणाली, ताटाचं प्रकरण उघडकीला आल्यावरसुद्धा.

समा_सावली
हिवाळ्यात मगरी काठावर उन्हाला पडलेल्या असतात. पाण्याकडच्या बाजूने फोटो काढायला कुणी उतरू नका. फोटोची जागा रस्त्याच्या बाजूलाच धरा.

खंडेराव_मार्केट
मी चेकर होईन, पण मोजणी झाल्यावर सेव उसळ कुणाकडून ते आधी लिहा.

अकोटा_पूल
दोघांच्या आकड्यात दोन पायऱ्यांचा फरक आला, तर जो ताडायला कंटाळला त्याच्याकडून.

पिक्सेलपंत
तारीख ठरवताना मला विचारा, उपग्रह ज्या दिवशी बडोद्यावरून जातो तोच दिवस धरू. पुढचे सहा महिने बघून तारखा टाकतो.

यारानदीवरून
आणि पहिल्या वेळेला आकड्यांवरून भांडण झालंच तर फोटो इथे टाका. तुमचं न बघता मी आधी माझी पायरी लिहीन, मग तुमची वाचीन.